दोष आढळला नाही

गाडीतला टक् टक् आवाज आपला आपणच शोधून काढायचा, असं मी ठरवलं ते गॅरेजवाल्यामुळे. तो दोनदा माझ्या शेजारी बसून चक्कर मारून आला आणि दोन्ही वेळा गाडी शहाण्या मुलासारखी गप्प बसली. पुन्हा गेलो तर म्हणाला, "साहेब, आवाज नक्की गाडीतूनच येतो ना?" पुढचा प्रश्न त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून गिळला.

तसा मी यंत्रातला माणूस नाही. (घरातला बल्ब गेला की बायको स्टूल आणते, बायकोच वर चढते. मी खालून "जपून" म्हणतो.) पण नातू झाला म्हणून ती मुलीकडे गेली आणि घर नुसतं खायला उठलं. टीव्हीवर कुणी काहीही बोललं तरी मी "बरोबर आहे" म्हणू लागलो. अशात गाडी वाजायला लागली, तेव्हा खरं सांगतो, मला थोडा आनंदच झाला. फोन करायला विषय मिळाला.

"अगं, गाडी टक् टक् करतेय."

"गॅरेजमध्ये न्या."

"नेली. तिथे करत नाही."

"मग झालं तर. ठेवते हं, बाळ उठलं."

तेव्हा स्कॅनर घ्यायचं ठरलं. गाडीचा दोष घरबसल्या सांगणारी ही यंत्रं तऱ्हेतऱ्हेची मिळतात. महागड्याला स्वतःचा पडदा असतो. सगळ्यात स्वस्त होता तो काडेपेटीएवढा. स्टिअरिंगखाली खोचायचा आणि मोबाइलला जोडायचा. त्याच्याबद्दल एका ग्राहकाने लिहिलं होतं, "चालतो, पण मनात आलं तर." ऑफिसात माझ्याविषयी हेच मत होतं. आपुलकी वाटली, मागवला.

आला, खोचला, आणि बऱ्याच विनवण्यांनंतर मोबाइलवर अक्षरं उमटली : 'दोष आढळला नाही.' इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. लगेच फोटो काढून बायकोला पाठवला. तिच्याकडून नुसता अंगठा आला.

आवाज मात्र चालूच. मग मेकॅनिक लोक वापरतात तसला स्टेथोस्कोप मागवला. (हाही स्वस्तातला. दोन्ही कानांत इंजिनापेक्षा माझंच रक्त जास्त ऐकू येई.) तो लावून बॉनेटमध्ये वाकलो होतो, तेवढ्यात शेजारचे मास्तर फाटकाशी थांबले.

"काय म्हणतोय पेशंट?"

"बोलत नाही काही. बसा ना मास्तर, एक फेरी मारू."

मास्तर बसले, पट्टा लावला, आणि आवाज बंद! फेरीभर ते त्यांच्या गुडघ्यांविषयी बोलले आणि मी मन लावून ऐकलं. त्यांना सोडून एकटा वळलो, तर कोपऱ्यावरच टक्. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा नेलं. त्यानंतर मात्र मला बघितलं की ते दार लोटून घेऊ लागले. गुडघे संपले असावेत.

शेवटी एका दुपारी बायकोला फोन लावला, स्पीकर चालू करून मोबाइल डॅशबोर्डवर ठेवला आणि आमच्या रिकाम्या गल्लीत गाडी हळूहळू फिरवली.

"ऐक आता."

टक्. टक् टक्.

"अहो, हा माझ्या बाजूचा पट्टा!"

"कसला पट्टा?"

"सीटचा. सैल झालाय तो. मी बसते तेव्हा माझ्या अंगावर असतो. आता रिकामा लोंबकळतोय, त्याची क्लिप आपटत असेल बाजूच्या प्लास्टिकवर. रिकाम्या सीटलाच लावून टाका."

मी गाडी थांबवली. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून क्लिप लावली आणि पुन्हा निघालो. गतिरोधक आला, गेला. काही नाही. गाडीत इतकं शांत झालं की घरीच बसल्यासारखं वाटलं, आणि मग मला राहवेना.

"गेला गं आवाज," मी म्हणालो. "पण खरं सांगू? मला करमत नाही. तो स्कॅनर वगैरे सगळी नाटकं. रोज सकाळी दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो. तू ये ना आता."

पलीकडे शांतता. बिचारीचा गळा भरून आला असणार.

"रडतेस का गं?"

"बाबा," जावईबापू घसा खाकरून म्हणाले, "आई मघाशीच आत गेल्या. बाळ उठलं ना. फोन माझ्याकडे आहे."

"मघाशी म्हणजे कधी?"

"'लावून टाका' म्हणाल्या, तेव्हाच."

मी गाडी कडेला घेतली. कान तापले होते.

"त्यांना सांगू का, बाबा?"

"काय?"

"ते... करमत नाही ते."

"छे छे! भलतंच काय! एवढंच सांगा की पट्टा लावून पाहिला, तरी आवाज येतोच आहे." आणि अगदीच खोटं ठरू नये म्हणून हात लांबवून मी क्लिप सोडवली.

जावईबापू एकदम मायेने म्हणाले, "समजलं मला, बाबा. तुम्ही अजिबात काळजी करू नका. शनिवारपर्यंत पाठवतो."

"कुणाला? हिला?"

"नाही, स्कॅनर. चांगला, पडद्यावाला."