भिंगरीचा परवाना

"आज पाचला येतो," मामा फोनवर म्हणाला. "भिंगरी गाडी चालवताना दिसली, तर गाडी तिची. नाहीतर टेम्पोत टाकतो आणि आमच्या धाकट्याला देतो. सात आठवडे झाले गं ताई! अजून चाकांना माती लागलेली नाही."

ताईने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. रविवारची सकाळ होती आणि नवरा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून त्यातले खड्डे लाल पेनने रंगवत होता. तो रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. माणूस सज्जन, पण ताकही फुंकून पिणारा, आणि फुंकण्याआधी पेल्याला तडा गेलाय का तेही बघणारा. सगळी वस्ती त्याला 'खबरदारसाहेब' म्हणायची. त्याला त्याचा राग येत नसे. उलट लोकांना आपली कदर आहे असंच त्याला वाटे.

गाडी म्हणजे मुलांची डर्ट बाइक. जाड दातेरी चाकांची, खरंखुरं इंजिन असलेली, मातीत पळायला केलेली. भिंगरीच्या, म्हणजे आपल्या भाचीच्या, दहाव्या वाढदिवसाला मामाने ती हौसेने आणली आणि खबरदारसाहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला की, "सुरक्षित जागा मिळाली की मी स्वतः शिकवीन." शब्द मनापासून दिला होता. घोडं अडलं ते जागेपाशी.

शाळेचं मैदान पाहिलं, तर तिथे फुटबॉलच्या गोलचे खांब होते.

"खांबाचं काय? तो काही जागचा हलत नाही," बायको म्हणाली.

"म्हणून तर तो नेमका धडकायला सापडतो."

नदीकाठची मोकळी जागा नदीमुळे बाद झाली. टेकडीखालच्या माळावर गुडघाभर गवत होतं आणि गवतात काय आहे ते दिसत नव्हतं. मग बंद पडलेल्या बाजाराचं आवार सापडलं. सपाट, चारी बाजूंनी भिंत, आत ना माणूस ना जनावर. खबरदारसाहेब तिथे दोन तास फिरले आणि काळजीत पडूनच घरी आले.

"काहीच सापडलं नाही," ते म्हणाले.

"मग चांगलंच की!"

"एवढी निर्धोक जागा मला ठीक वाटत नाही. काहीतरी असणार."

दर रविवारी भिंगरी हेल्मेट घालून, गुडघ्यांना आणि कोपरांना पॅड बांधून दारात तयार असे आणि दर रविवारी अंगणात स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून नुसता अभ्यास करी. क्लच, गिअर, ब्रेक, पाय कुठे, नजर कुठे. गाडीसोबत आलेली पुस्तिका बाबांना तोंडपाठ होती. त्यांनी तिची लेखी परीक्षासुद्धा घेतली. तिला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. दोन मार्क अक्षराचे गेले.

या रविवारी मात्र जागा मिळाली होती. लाकडाच्या वखारीमागचं आवार. वखारवाल्याने लेखी परवानगी दिली होती. आवारापर्यंत एक कच्ची, रुंद गल्ली जायची आणि तिथेच संपायची. गल्लीत दोन्ही अंगाला वीस-पंचवीस घरं होती. आवारात फक्त तीन खड्डे होते, आणि तेच आता नकाशावर लाल होत होते.

"बाबा, आज नक्की ना?" भिंगरीने विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मामाचा फोन तिने दाराआडून ऐकला होता.

"नक्की. परवाना झाला की लगेच."

कारखान्यात कामाच्या परवान्याशिवाय साधा दिवासुद्धा बदलत नसत. कागदावर आधी धोके लिहायचे, मग उपाय, मग जबाबदार व्यक्तीचं नाव. तळाशी आजूबाजूच्यांच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे त्यांना कल्पना नव्हती असं पुढे कुणी म्हणायला नको. शेवटी खबरदारसाहेबांची सही, की काम सुरू. वीस वर्षांत त्यांनी एकही कागद न वाचता सही केली नव्हती. घरचं दुधाचं कार्डसुद्धा ते पाठपोट वाचत.

तीन वाजता मंडळी वखारीमागे पोचली. खबरदारसाहेबांनी गल्लीच्या तोंडाशी नारिंगी शंकू मांडून वाहनं बंद केली. खड्ड्यांभोवती चुन्याची फक्की ओढली. आवाराभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली. खांबाला पाटी लावली, 'काम चालू आहे'. साडेतीन झाले. भिंगरी गाडीजवळ उभी होती आणि हेल्मेटच्या आत तिला घाम फुटला होता.

"आता फक्त सह्या," बाबा म्हणाले आणि वही घेऊन पहिल्या दारात गेले. वहीच्या पानावर वर ठळक लिहिलं होतं, 'येथे मुलांना गाडी चालवायला शिकवले जाणार आहे, याची मला कल्पना आहे.'

पहिल्या घरात इस्त्रीवाल्या काकू राहत. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणून त्यांनी तशीच सही केली आणि मग विचारलं, "साहेब, पाटी कसली लागलीय? काय बांधतायत?"

"काही बांधत नाही. मुलांसाठी आहे."

"अगंबाई, मुलांसाठी! थांबा, शेजारणीला सांगते. नाव राहून गेलं तर नंतर माझ्याशी भांडेल."

इथून पुढे खबरदारसाहेबांना कुठल्याच दारात जावं लागलं नाही. दारंच त्यांच्याकडे आली. फक्की मारलेली, पट्टी बांधलेली, साहेबासारखा दिसणारा माणूस सह्या घेतोय म्हटल्यावर घरात कोण बसणार? हा हा म्हणता आवारात रांग लागली. बाग होणार आहे, असं रांगेच्या पुढच्या टोकाला कळलं होतं. मागच्या टोकापर्यंत जाता जाता बागेला झोपाळे आणि कारंजं आलं होतं. एक निवृत्त कारकून रांगेबाहेर उभे राहून सगळ्यांना सांगत होते की, आपला या गोष्टीला विरोध आहे. गोष्ट कोणती, हे मात्र त्यांनी अजून विचारलं नव्हतं.

"विरोध असला तरी कल्पना आहे ना?" खबरदारसाहेबांनी विचारलं.

"पूर्ण कल्पना आहे!"

"मग इथे सही करा."

कारकुनांनी सही केली आणि खाली 'विरोधासह' असं लिहिलं. ते पाहून आधी सही केलेल्या चौघांनी आपापल्या सह्या खोडून 'विरोधासह' लिहायला परत वही मागितली. खाडाखोड झालेला कागद चालत नसतो. खबरदारसाहेबांनी नवं पान घेतलं आणि रांग पहिल्यापासून सुरू केली.

"अहो, सव्वाचार झाले," बायको दातओठ खात म्हणाली. "तुमचा कागद होईपर्यंत पोरीचं लग्नाचं वय होईल."

"घाईनेच अपघात होतात."

"तुमच्यामुळे अपघात व्हायलासुद्धा वेळ मिळत नाही!"

साडेचारला त्यांनी मान वर करून माणसं मोजली. शिकाऊ चालक असताना आवारात चारपेक्षा जास्त माणसं नकोत, हा नियम त्यांनी स्वतःच कागदावर लिहिला होता. एकसष्ट माणसं भरली. शिवाय दोन कुत्री आणि तीन तान्ही मुलं, ती त्यांनी कशात धरावीत ते कळेना म्हणून वेगळी लिहिली. मग ते खिन्न होऊन म्हणाले, "काम थांबवावं लागेल."

"अहो, सुरू कुठे झालंय!" बायकोने कपाळावर हात मारला.

भिंगरीने हे सगळं ऐकलं. तिचे डोळे भरून आले होते, पण हेल्मेटमुळे ते कुणाला दिसलं नाही, आणि डोळे पुसताही येईनात. ती गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. मामाच्या धाकट्याशी तिचं कधी भांडणही झालं नव्हतं आणि तरी तो तिला आता अजिबात आवडत नव्हता. रडून झाल्यावर तिने गल्लीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. गल्लीत कुणीही नव्हतं. माणसं झाडून सगळी आवारात, कुत्री माणसांमागे, आणि वाहनं शंकूंमुळे बंद. खांब नाहीत, नदी नाही, गवत नाही. लांबच लांब मऊ माती आणि दोन्ही बाजूंना बंद दारं.

तिने बाबांच्या पिशवीतून एक कोरा परवाना काढला आणि आईच्या पाठीवर ठेवून तो भरला.

"काय लिहितेस गं?" आईने मान न वळवता विचारलं.

"आई, हलू नकोस. अक्षर बिघडेल."

कागद घेऊन ती गर्दीत शिरली. खबरदारसाहेबांच्या एका हाताला कारकून होते, दुसऱ्या हाताला कारंज्याबद्दल विचारणाऱ्या काकू होत्या, आणि समोर सात जणांनी एकाच वेळी वही धरली होती. त्या गोंधळात कोपराखालून एक कागद पुढे आला.

"साहेब, इथे सही," भिंगरी जाड आवाज काढून म्हणाली.

साहेबांनी सही केली.

भिंगरीने कागद खिशात घातला आणि आईला हाताला धरून गाडीकडे ओढलं. दोन मिनिटांनी गल्लीतून इंजिनाचा आवाज आला. आवारातल्या सगळ्या माना गल्लीकडे वळल्या. खबरदारसाहेबांच्या हातून पेन पडलं. ते पट्टीखालून वाकून गल्लीकडे धावले. पाहतात तर भिंगरी गाडीवर होती, गाडी चालत होती, आणि शेजारून बायको साडीचा पदर खोचून पळत होती. गाडी थोडी डगमगली, सरळ झाली, पुन्हा डगमगली आणि मग अशी काही सरळ सुटली की बायको मागे पडली.

"थांब!" ते जिवाच्या आकांताने ओरडले.

भिंगरी थांबली. आधी क्लच, मग दोन्ही ब्रेक, मग डावा पाय जमिनीवर. अगदी पुस्तिकेत होतं तसं. तिने हेल्मेटची काच वर केली.

"काय झालं बाबा?"

काय झालं होतं? कुणीही पडलं नव्हतं, कुणाला लागलं नव्हतं. 'थांब' म्हटल्यावर ती खरोखर थांबेल आणि मग पुढे आपल्याला काहीतरी बोलावं लागेल, हा प्रसंग त्यांनी कुठल्याच कागदावर धरला नव्हता. त्यांच्या छातीत अजून धडधडत होतं, आणि ती नुसती भीती नव्हती, हेही त्यांना कळत होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "थांबता येतं का ते बघितलं."

"येतं," भिंगरी म्हणाली, काच खाली केली आणि गेली.

गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शंकूंच्या पलीकडे टेम्पो येऊन थांबला. मामा उतरला आणि आ वासून बघतच राहिला. भाची त्याच्यापर्यंत आली, वळली, आणि त्याला न ओळखल्यासारखं करून परत गेली. एकसष्ट माणसांनी टाळ्या वाजवल्या. कारकुनांनीही विरोधासह वाजवल्या.

"भाऊजी, गाडी राहू दे इथेच," मामा म्हणाला. "मानलं तुम्हाला."

बायकोने भिंगरीच्या खिशातून पडलेला परवाना उचलला आणि मोठ्याने वाचला. "धोके : बाबा घाबरतील. उपाय : त्यांना नंतर सांगणे. जबाबदार व्यक्ती : मी." ती नवऱ्याकडे बघून हसली. "आणि खाली सही तुमची."

"मी वाचलं नव्हतं," ते पुटपुटले.

"वाचलं असतं तर ती अजून स्टँडवरच असती."

इतक्यात काकूंनी त्यांची बाही ओढली. "साहेब, मग पुढच्या रविवारी किती वाजता आणू?"

"काय आणता?"

"नातू! सही केली ना मी. मुलांना गाडी शिकवणार असं लिहिलंय, आता चष्मा सापडल्यावर वाचलं." मागे रांग पुन्हा लागली होती. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या, आणि सही करून काहीच मिळालं नाही असं त्यांच्या बाबतीत आजवर पुष्कळदा झालं होतं. आज ते होऊ द्यायचं नाही, असं रांगेचं ठरलेलं दिसत होतं. कारकूनही नातीचं वय सांगत उभे होते.

"पण शिकवणार कोण?" खबरदारसाहेब घाबरून म्हणाले.

"तुम्हीच की!" मामा म्हणाला. "भाचीला एवढं तयार केलंत. तुम्ही स्वतः तर काय सुसाट चालवत असाल!"

खबरदारसाहेबांनी उगाच फक्कीकडे पाहिलं. बायकोने आकाशाकडे पाहिलं. पण भिंगरी गाडी लावून आली होती आणि लहान मुलांना असल्या वेळी गप्प बसता येत नाही.

"बाबांना कुठे येते?" ती म्हणाली. "त्यांना सायकलसुद्धा येत नाही."

एवढी वर्षं जपलेलं गुपित सगळ्या गल्लीसमोर असं उघडं पडलं. खबरदारसाहेबांचे कान लाल झाले. मग मामाला काय वाटलं कोण जाणे, तो मेव्हण्याच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाला, "माझी मोठी गाडी आहे. पुढच्या रविवारी घेऊन येतो."

भिंगरीने वहीचं नवं पान काढलं, वर 'शिकणारे' असं लिहिलं, पहिल्या ओळीत बाबांचं नाव घातलं आणि पान त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग खिसे चाचपले आणि म्हणाले, "पेन कुणाकडे आहे?"