नक्कल मागणारे मन्मथअप्पा

लग्नात आहेर मांडून झाला, की मन्मथअप्पा लिहिणाऱ्यापुढे हात करत. "नोंद केली ना? मग नक्कल द्या." वैद्यबुवांनी नाडी पाहिली तरी हेच. वैद्यबुवा एकदा भडकले, "नाडीची नक्कल कुठून देऊ बे?" अप्पा शांतपणे म्हणाले, "का म्हून लिहून ठिवली न्हाई?"

नेकनुरात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि शेजारी माझी शाळा. कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा आणि मला उर्दू येते, या गुन्ह्याखातर त्यांच्या अर्ज्या लिहिणं माझ्या गळ्यात पडलं होतं. गाव त्यांना हसायचं. मीही हसायचो, फक्त तोंड फिरवून.

खरी अर्जी एकच होती. प्लेगच्या साथीत अप्पा माल आणायला घाटनांदूरला गेले आणि मागे त्यांच्या बायकोला सरकारी छावणीत नेलं. ते परत येईपर्यंत ती गेलेली. छावणी उठली, माणसं पांगली, दफ्तर तेवढं बीडच्या कचेरीत जाऊन पडलं. अप्पा लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या हाती इष्टलिंग देऊन त्याला मातीत बसवतात. तिचं काय केलं, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून त्यांना ही नकलेची खोड लागली.

छावणीच्या दफ्तरातल्या तिच्या नोंदीची नक्कल मागणारी ही अर्जी दर खेपेला परत यायची, कारण अप्पा बायकोचं नाव घेईनात. "लिहा, आमच्या घरचं मानूस." कचेरीतले पेशकार कावले, "अरे बाबा, घर के माणूस तो सब के मरे हैं! नाम बोलो." शेवटी अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पुटपुटले, "गिरजा." कचेरी खो खो हसली. मी मात्र ते नाव अर्जीत लिहिलं.

त्या खेपेला नक्कल मिळाली. कचेरीच्या पायरीवर बसून मी वाचू लागलो आणि मध्येच थांबलो.

"वाचा की, मास्तर."

"जाळलं, अप्पा. बाकीच्यांबरोबरच, एका ढिगात."

अप्पांनी कागद घेतला, घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. आम्ही बैलगाडीतून परत निघालो. गाव दिसू लागलं तेव्हा अप्पा म्हणाले, "मास्तर, अजून एक अर्जी लिहा. आमच्या मठात द्यायची."

"आता कसली?"

"आमी मेल्यावर मातीत बसवू नका म्हनावं. जाळा. आमच्यातली ती एकलीच त्या वाटंनं गेली हाय. लई भित्री हाय वो ती."