फुली मारलेला नारळ

इंग्लंडहून सुटीवर आलेल्या डालबर्टने अंगणातल्या नारळावर लाल रंगाने भलीमोठी फुली मारली, तेव्हा त्याची थोरली बहीण आयसिल्डा चुलीवर नीरफणस भाजत होती.

"हे झाड पहिलं जाणार, ताई. हॉटेलचा रस्ता इथूनच येतोय."

"आणि मी रे कुठून जाणार?"

डालबर्ट रंगाच्या डब्याचं झाकण लावू लागला. आयसिल्डाला या घराखेरीज डोकं टेकायला जागा नव्हती. जमीन त्यांच्या पणजोबांची, ओबादायाची. 'जमीन सगळ्या लेकरांची, विकायची कुणी नाही,' एवढं तोंडी सांगून म्हातारा देवाघरी गेला होता. मृत्युपत्र म्हणून चिटोरंही नाही. किंग्स्टनच्या वकीलबाईंनी बजावलं होतं, की प्रत्येक वारसाची सही हवी, एक जरी अडली तरी विक्री बोंबलली.

डालबर्टने युक्ती काढली. पास्टर टाल्मेजना तो म्हणाला, "रविवारी दोन शब्द टाका. शनिवारी वारसांनी सहीला यावं. बोकडाची करी आहे."

पण पास्टर दोन शब्दांत मावणारे नव्हते. प्रवचन रंगलं, की त्यांच्या तोंडून सूचनासुद्धा सुरातच निघे. त्यांनी टाहो फोडला, "ओबादायाचं लेकरू कोण?" मंडळी डुलत उत्तरली, "मी रे प्रभू, मी!" डफ घुमला, बाया नाचल्या. आणि सूर एकदा काळजात शिरला, की तो माणसाला घरात बसू देतो होय!

शनिवारी डोंगराच्या दोन्ही अंगांनी माणसं उतरली. करीचा वास होताच, पण सहीच्या टेबलाकडे कुणी फिरकेना. जो तो आपापल्या झाडाकडे. इथे मूल जन्मलं की त्याची नाळ पुरून वर रोप लावतात. ज्याचं झाड, त्याचा जमिनीत पाय.

हॉटेलवाले पिनक नकाशा घेऊन फिरत होते. आंब्याखालून एक म्हातारा गुरकावला, "इथं काय काढलंय?"

"पोहण्याचा तलाव."

"माझ्या नाळेवर पोहणार तुम्ही? कपडे घालून तरी पोहा!"

चिंचेखाली हेच, आवळ्याखाली हेच. शेवटी पिनकनी नकाशाची गुंडाळी केली. "डालबर्टसाहेब, ही जमीन नाही, बाळंतिणीची खोली आहे." दोन वाट्या करी ओरपून ते गाडीत बसले.

डालबर्ट भडकला. "अरे, झाडं कसली दाखवता? कायदा दाखवा!"

नव्वदी गाठलेली झिला आत्या काठी आपटत पुढे आली. "बरं, तुझं झाड दाखव."

डालबर्टने उगाच चहूकडे नजर फिरवली. तो किंग्स्टनच्या इस्पितळात जन्मला होता.

"घ्या!" आंब्याखालचा म्हातारा खिदळला. "ज्याची नाळच इथं नाही, तो निघालाय जमीन विकायला!"

हशा उसळला. डालबर्टची मान खाली गेली. आता आयसिल्डाने नुसतं हसायचं, की तिचा सूड पुरा. पण तिने पळी खाली ठेवली.

"दात काढू नका रे! आईनं याची नाळ दुधाच्या डब्यात घालून आणली होती, बसमध्ये, मांडीवर धरून. हातानं पुरली. देवाघरी जाताना मला म्हणाली, 'पोर लांब जाईल, त्याच्या झाडाला पाणी घालत जा.' घालतेय."

"कुठलं झाड, ताई?"

आयसिल्डाने नारळाकडे बोट केलं.

डालबर्ट झाडापाशी गेला. खिशातला रुमाल काढून फुली पुसू लागला. रुमाल लाल झाला, डोळे लाल झाले, फुली जागची हलेना.

"जात नाही गं, ताई."

"राहू दे," आयसिल्डा म्हणाली. "जरा सरळ करून घे. क्रूस होईल. देवाचे आभार मानायला लांब जायला नको."

मागून पास्टरांनी सूर लावलाच होता, "ओबादायाचं लेकरू कोण?"

या वेळी सगळ्यात बेसूर आवाज डालबर्टचा होता.