वहिनीच्या पॉवर सप्लायची समिती

कुठल्या यंत्राला किती वीज लागते, हे त्या यंत्रापेक्षा घरातल्या पुरुषांना जास्त कळतं. हे कुणी सिद्ध केलेलं नाही, कारण कुणी शंकाच घेतलेली नाही.

आमची वहिनी घरबसल्या स्वयंपाकघरांची संगणकावर चित्रं करून देते. तीस चित्रं सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायची होती. नाहीतर काम दुसरीकडे जाणार होतं. जुन्या ग्राफिक्स कार्डावर एका ओट्याला चार तास लागत, म्हणून तिने नवं कार्ड आणून बसवलं. पहिलं चित्र उघडताच संगणक बंद पडला. जुन्या पॉवर सप्लायला (संगणकाच्या पोटातली, सगळ्यांना वीज वाढणारी पेटी) नव्या कार्डाची भूक झेपेना.

"मोठा पॉवर सप्लाय लागेल," वहिनी म्हणाली. समिती स्थापन व्हायला एवढं पुरलं.

अध्यक्ष बाबा (निवृत्त मीटर तपासनीस, शेवटचा मीटर तपासून अकरा वर्षं झाली). तज्ज्ञ सदस्य ताईचा नवरा, म्हणजे आमचे जावईबुवा (एकदा मिक्सर उघडला होता, बंद करणं बाकी आहे). वहिनीचा नवरा या नात्याने दादा. आणि सचिव मी, कारण पेन माझ्याकडे होतं. वहिनीला घेतलं नाही. संगणक तिचाच, तेव्हा ती निःपक्षपाती राहिली नसती.

किती वॅट लागतात ते कार्डाच्या खोक्यावर छापलेलं होतं. पण खोकं वहिनीच्या टेबलाखाली होतं आणि बैठक बाहेरच्या खोलीत.

शुक्रवारी बाबांनी डोळे मिटून आठशे वॅट सांगितले. जावईबुवांनी उन्हाळ्याचे दोनशे वाढवले (दिवस थंडीचे होते, पण उन्हाळा काही चुकत नाही). मी शंभर घातले, नाहीतर सचिव झोपला होता असं वाटलं असतं. बायकोच्या बाबतीत हात आखडता दिसू नये म्हणून दादाने चारशे टाकले. पंधराशे वॅट एकमताने मंजूर झाले.

शनिवारी दुकानदार म्हणाला, "एवढा मोठा मागवावा लागेल, तीन आठवडे. पण काका, कार्ड कुठलंय?"

"ते तुम्हाला कशाला? आम्ही सगळा विचार करून आलोय," बाबा म्हणाले.

एकूण बैठका पाच, चहा एकोणीस कप, संगणकाची पाहणी शून्य.

सोमवारी पावणेबाराला वहिनीने तिसावं चित्र पाठवून दिलं. चौकशीत उघड झालं की रविवारी ती एकटीच जाऊन खोक्यावर लिहिलेला पॉवर सप्लाय घेऊन आली आणि चार स्क्रू पिळून मोकळी झाली.

"आम्हाला सांगायचं तरी!" मी म्हणालो.

"दोनदा आले होते, भावोजी. दोन्ही वेळा मला चहा टाकायला लावलात."

मला खरंच वाईट वाटलं. इतिवृत्तात 'वाईट वाटणे' असा रकाना नसल्यामुळे ते नोंदवता आलं नाही.

समितीने वहिनीच्या घाईबद्दल खेद व्यक्त केला. ती स्क्रू पिळत असताना दादाने टॉर्च धरल्याचं सिद्ध झाल्याने त्याचा राजीनामा घेण्यात आला. त्यामुळे एक जागा रिकामी आहे.

आता तुमचं. इथपर्यंत वाचताना तुम्हीही मनातल्या मनात एक आकडा ठरवलाच आहे. खोक्यावर किती लिहिलं होतं, ते मी सांगितलं नाही आणि तुम्हालाही विचारावंसं वाटलं नाही. अर्ज वगैरे नको, नेमणूक झाली आहे. शुक्रवारी चारला या. वहिनीला प्रिंटर घ्यायचा आहे.