भालोबाची मधाची दारू

बाळांनो, ज्या जंगलात कुणालाच काही येत नव्हतं, पण सगळ्यांचे शिकवणीवर्ग जोरात चालायचे, त्या जंगलात भालोबा नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याचा वर्ग होता, 'घरच्या घरी मधाची दारू'. (दारू म्हणजे काय, हे घरी विचारू नका. घरी सगळ्यांना माहीत असतं.)

भालोबाने स्वतः एकच मडकं लावलं होतं. पण शिकवण्यात तो इतका गुंतला, की मडक्याकडे बघायला सवडच झाली नाही.

अशात त्याच्या मुलीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा मुलीला मनापासून आवडला होता. त्याचे वडील दांडगेराव मात्र दारूतले मोठे दर्दी. "आमच्या घरचीच पाजतो," असा निरोप भालोबाने ऐटीत धाडला आणि मडकं उघडलं.

झाकण सरकलेलं. वर पांढरी साय. तळाशी गाळ. आणि नासक्या अंड्याचा वास.

"मुरलीय," भालोबा म्हणाला.

"नासलीय," बायको म्हणाली. "अहो, शिरका झालाय तिचा. लोणच्यात घालू."

"वर्ग मी घेतो की तू?" भालोबा गुरगुरला. पण बिघडलेली दारू सुधारायची कशी, हा धडा त्याने कधी शिकवलाच नव्हता.

त्याने साय काढली. दारू गाळली. तांब्याचा गडवा बुडवून ठेवला. अंड्याचा वास गेला, तेव्हा आंबटपणा नीट कळू लागला. तो मारायला मध ओतला. मध फार झाला म्हणून दालचिनी. दालचिनी झाकायला लवंग. शेवटी चाखून बघितलं आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. एवढ्या खटपटीने आपण दंतमंजन तयार केलं!

तोवर पाहुणे दारात.

दांडगेरावांनी घोट घेतला. मुलीने श्वास रोखला. भालोबाने डोळे मिटून घेतले.

"तांबं बुडवलंत?" दांडगेरावांनी विचारलं.

"हो."

"मग मध? मग दालचिनी?"

"हो," भालोबा पुटपुटला. "तुम्हाला कसं कळलं?"

दांडगेरावांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आमच्याकडे हीच आहे. मी लवंगेऐवजी जायफळ घातलं. तेही चुकलंच. माझाही वर्ग असतो ना!"

दोघं पोट धरून हसले. लग्न तिथल्या तिथे ठरलं. आता दोघे व्याही मिळून 'बिघडलेली दारू कशी सुधारावी' हा वर्ग घेतात. गर्दी आवरत नाही.

तात्पर्य : हातातल्या कामाकडे दुर्लक्ष करू नये, असं मोठी माणसं सांगतात. ते खरंच आहे. पण करायचंच झालं, तर तेवढंच दुर्लक्ष करणारा व्याही आधी गाठावा.