तांब्याला बोट न्हाय!

प्रिंटरची शाई बदलायची असली की आमचे रेवणप्पा आधी चपला काढतात. मग हात धुतात, कोरडे करतात, अंगठी खिशात टाकतात आणि खोलीतल्या सगळ्यांना मागं सरकवतात. सोलापुरातल्या आमच्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढते, ते रिपोर्ट टाइप करून छापतात. माणूस कर्नाटकाच्या सीमेवरल्या मैंदर्गीचा, घाबरला की आधी कानडीत घाबरतो. "ब्याड, ब्याड! नगं, नगं! तांब्याला बोट न्हाय!"

तांबं म्हणजे कार्ट्रिजवरची ती इवलीशी पट्टी. तिला बोटाचं तेल लागलं की प्रिंटरला कार्ट्रिज वाचता येत नाही आणि छपाई बंद. नव्यानं आलेल्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती बिचारी दोन दिवस पाण्याच्या तांब्याला हात न लावता तहानलेली बसली.

नवी कार्ट्रिज पाकिटातून काढून तिची टेप सोलल्याशिवाय जुनीला हलवायचं नाही. दोन्ही कडांनी धरायची, कोंबडीचं पिल्लू धरावं तशी. पट्टी चष्म्याच्या कोरड्या फडक्यानं पुसायची, 'टक्' ऐकू येईपर्यंत दाबायची. तोवर रेवणप्पा श्वाससुद्धा जपून घेतात.

"झालं का बाळंतपण?" मी विचारते.

"हसू नगा, मॅडम. हे मशीन अडलं की भायेर बाकावरच्या माणसांचा जीव टांगणीला लागतोय. लई भ्या वाटतं मला."

मागच्या महिन्यात कुर्डुवाडीचं एक जोडपं त्या बाकावर होतं. बाईच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. नवरा सकाळपासून तीनदा विचारून गेला. बायको पदराचं टोक पिळत बसलेली. दुपारी रिपोर्ट आला. मी पडद्यावर वाचला. वाईट होता. डॉक्टर दोघांना आत बोलावून सांगणार होते, फक्त कागद हातात हवा होता.

आणि रेवणप्पांनी चपला काढल्या.

हात धुतले. कार्ट्रिज बाहेर काढली. पट्टी पुसली. परत पुसली.

"रेवणप्पा, आवरा की! अहो, कालच तर नवी बसवलीत!"

"हळू, मॅडम." त्यांनी दाराच्या फटीकडं मान केली. "डबा उघडलाय त्यांनी."

मी डोकावले. नवरा मांडीवर कडक भाकरी मोडत होता. बायकोनं शेंगाचटणीची पुडी सोडली आणि काहीतरी बोलून सकाळपासून पहिल्यांदा हसली.

"आमच्या हिचा रिपोर्ट आला तवा आमी दोघं जेवत व्हतो," रेवणप्पा म्हणाले. "तिचं ताट तसंच ऱ्हायलं."

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "झालं का?"

"प्रिंटर अडलाय, सर," मी सांगितलं. मग खालच्या आवाजात रेवणप्पांना विचारलं, "अजून किती वेळ?"

ते फटीतून बघत होते.

"एकच भाकरी ऱ्हायलीय."