सदर सदस्याचा जोड सुटत नाही

कामगार संघटनेची ताकद तिने केलेल्या कामावरून कुणी मोजत नाही. तिने काम थांबवलं की लोकांचे किती हाल होतात, यावरून मोजतात. तारतंत्री कामगार संघाचा (तारतंत्री म्हणजे वायरमन, हे पहिल्या सभेत सदस्यांनाही समजावून सांगावं लागलं) इतिहास या कसोटीवर पाहिला, तर सुरुवात जरा लाजिरवाणी आहे, आणि त्या लाजेला कारण खुद्द संस्थापक होता.

त्याला सगळे पक्कड म्हणत. खिशात कायम पक्कड असे म्हणून, आणि एकदा धरलेली गोष्ट सोडत नसे म्हणूनही. एका शाळेत पंखा बसवताना ठेकेदाराची शिडी मोडली आणि पक्कड खाली आला. ठेकेदार धावत आला आणि त्याने आधी शिडी तपासली. पायाला प्लास्टर घालून पडल्या पडल्या पक्कडने संघ काढला. सायकलच्या दुकानामागची खोली हे कार्यालय झालं, आणि बोलण्यात कुणाला हार जात नाही म्हणून बायकोचा धाकटा भाऊ सेक्रेटरी झाला. मागण्या दोनच: धड शिडी, आणि माणशी रबरी हातमोज्यांचा एक जोड. (तोवर दोघांत एक जोड मिळे. उजवा एकाला, डावा दुसऱ्याला. ठेकेदारांच्या मते यामुळे सहकार्याची भावना वाढीस लागत होती.)

मागण्या फेटाळल्या गेल्या तेव्हा पक्कडने संप पुकारला. "गाव अंधारात बसलं की ठेकेदार आपणहून दारात येतील," तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

गाव अंधारात बसलं नाही. पहिल्या आठवड्यात काहीच बिघडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एका शिंप्याचा बल्ब गेल्याची खबर आली आणि कार्यालयात चैतन्य पसरलं. पण शिंप्याने खुर्चीवर चढून तो स्वतःच बदलला. संपाचा निषेध करायलाही कुणी फिरकलं नाही, कारण संप चालू आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पक्कड संध्याकाळी गल्ल्यांतून हिंडे. खिडक्या उजळलेल्या, पंखे गरगरताहेत, दवाखान्याची पाटी झळकते आहे. निम्म्याहून अधिक वायरिंग त्याच्याच हातचं, उरलेलं त्याने शिकवलेल्यांच्या. त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतं बरं, आणि हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

संप गुपचूप मागे घेण्यात आला आणि चौकशी समिती नेमली गेली. तिच्या अहवालात म्हटलं आहे: "संपाच्या अपयशास ठेकेदार कारणीभूत नाहीत. सदर सदस्याने केलेला एकही जोड आजतागायत सुटलेला नाही. हे वर्तन सातत्याचे असल्याने त्यास नजरचूक म्हणता येत नाही."

"भावोजी, राग मानू नका," सेक्रेटरी सभेत म्हणाला. "पण तुम्ही स्क्रू आवळता तो कुठवर?"

"बसेपर्यंत."

"यापुढे अर्धा फेरा अलीकडे थांबायचं. तसा ठराव आहे."

"मग ढिला राहील तो."

"ढिला नाही, भावोजी. रोजगाराभिमुख."

"आणि आग लागली म्हणजे?"

"अर्ध्या फेऱ्यात आग नाही लागत. नुसती गुरगुर होते. लोक आठवडाभर ऐकतात, मग आपल्याला बोलावतात. समितीने अभ्यास केलाय." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "परवा आपल्यातल्या ठेंगूचा हात भाजला. उजवा मोजा दुसऱ्याकडे होता. मोजे कसे मिळणार, ते तुम्हीच सांगा."

मोजे तर पक्कडलाही हवे होते. म्हणून त्याने मनापासून प्रयत्न केला. आधी घरी, स्वयंपाकघरातल्या बटणावर. स्क्रू अर्धा फेरा सोडला आणि जेवायला बसला. दुसऱ्या घासाला उठला आणि आवळून आला.

"एवढंही जमत नाही तुम्हाला?" बायको म्हणाली. "माझा भाऊ सकाळपासून पाच घरी करून आलाय."

मग एका गिऱ्हाइकाकडे त्याने नेट लावून ढिला जोड केला. संध्याकाळी "पक्कड विसरली" म्हणून परत गेला आणि फेरा पुरा करून आला. पक्कड सबंध वेळ खिशातच होती. गिऱ्हाइकाने ती पाहिली आणि म्हातारा विसरभोळा झाला असं समजून त्याला चहा दिला.

संघाने त्याला काढून टाकलं. ठराव एकमताने झाला. पक्कडनेही हात वर केला होता, कारण ठेंगूचा हात अजून बांधलेला होता.

पुढच्या संपात गावाने तीन दिवसांत गुडघे टेकले. शिड्या आल्या, मोजे आले, आणि त्यानंतर एकाही सदस्याचा हात भाजला नाही. (ग्राहकांचे हात संघाच्या कार्यकक्षेत येत नाहीत.) सेक्रेटरीने बहिणीच्या हाती एक जोड भावोजींसाठी गुपचूप पाठवला. पक्कडने तो घालून पाहिला. मोजे चांगले आहेत, हे त्याने मान्य केलं.

पण घालून जायचं कुठे? त्याला कुणी दुसऱ्यांदा बोलवायचं कारणच नव्हतं, आणि पहिल्यांदा बोलावणारी घरं संपत आली होती. रस्त्यात भेटलेले लोक विचारत, "काम सोडलंत वाटतं?" तो "नाही" म्हणे, आणि ते "बरं झालं, आराम करा" म्हणून पुढे जात.

संघ आज भरभराटीत आहे. तुमच्या पंख्याच्या गुरगुरीसाठी वर्षातून तीनदा येणारा, तुमच्या मुलांची नावं पाठ असलेला तो माणूस संघाचाच. त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे, आणि "बोलावलं की लगेच येतो हो, फार चांगला माणूस," असं तुम्हीच चार जणांना सांगितलं आहे. तुमच्या घरातल्या ज्या बटणांकडे आजवर पाहावंही लागलं नाही, ती कुणी बसवली, हे मात्र संघातल्या आजच्या सदस्यांना ठाऊक नाही. कारवाई करता यावी म्हणून त्याचं नाव कळवावं, असं जाहीर आवाहन संघाने केलं होतं. एकालाही ते आठवलं नाही.